गीज बेंडची ‘हाउसटॉप’ आणि सिद्दींची कवंदी, दोन्ही जुन्या साड्यांतून: मोजमाप, कापड आणि मधला फुगा

उभाआडवा

नमस्कार मंडळी. वाचनालयात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सुईकामावर छोटं प्रदर्शन लावायचं आहे. नुसती छायाचित्रं टांगण्यापेक्षा दोन नमुने प्रत्यक्ष शिवायचे ठरलेत. एक अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडच्या बायकांच्या ‘हाउसटॉप’ पद्धतीची गोधडी (मधल्या चौकोनाभोवती पट्ट्यांचे फेरे), पावणेदोन मीटरचा चौरस. दुसरी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका शिवतात तशी कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, बाळाच्या मापाची, 90 बाय 110 सेंटीमीटर.

सामान असं आहे: सात-आठ सुती साड्या (त्यात दोन नऊवारी), पाच जुन्या जीन्स, दीडेक मीटर कॉर्डरॉय, खणाचे तुकडे. कवंदीचा हातभर तुकडा शिवून पाहिला तर मध्यावर पुरीसारखा फुगा आला. तो का येतो? हाउसटॉपला पट्ट्या किती लागतील? आत कापूस भरायचा की नाही? आणि माहितीच्या पाट्यांवर काय लिहायचं, काय टाळायचं, हेही जाणकारांनी सांगावं. नेटवर एकाच गोष्टीच्या चार कथा सापडतात.

---

अंगुस्तान

फुगा दिशेमुळे येतो. हाउसटॉप मधल्या चौकोनापासून बाहेर वाढते. कवंदी बरोबर उलटी. एका कोपऱ्यात सुरू होते, कडेकडेने पहिला फेरा पुरा होतो, त्याच्या आत दुसरा, आणि शेवटचं ठिगळ मध्यावर बसतं. आता समजा पहिल्या दोन फेऱ्यांत धावदोरा जरा ओढून घेतला, तर कड दोन-तीन सेंटीमीटरनी आक्रसते. मधलं कापड मात्र अजून मूळ मापाचंच असतं. त्याला जायला जागा नाही, म्हणून ते वर येतं. कडेला ओळी दाट आणि आत विरळ घातल्या तरी हेच होतं.

उपाय साधा आहे. दोरा दीड हातापेक्षा लांब घ्यायचा नाही, म्हणजे 65-70 सेंटीमीटर. सात-आठ टाके झाले की शिवलेली ओळ अंगठा आणि तर्जनीत धरून पुढे ओढायची, आवळलेला दोरा पुन्हा मोकळा होतो. ओळींतलं अंतर पहिल्या फेऱ्यापासून शेवटपर्यंत एकच ठेवा, एक सेंटीमीटर. कवंदी गोल रिंगात ताणू नका, मांडीवर किंवा जमिनीवरच शिवा. प्रत्येक फेऱ्यानंतर ती उपडी करून तळव्याने कडेकडून मध्याकडे निपटा. एवढं करूनही शेवटच्या वीतभर जागेत फुगा राहिलाच तर उसवत बसू नका. अस्तराला उलट्या बाजूने अर्ध्या सेंटीमीटरची चूण घाला आणि वरून ठिगळ बसवा.

आता क्रम. अस्तरासाठी साडीचा तुकडा 100 बाय 120 चा कापा. दोन-दोन सेंटीमीटर चारी बाजूंनी दुमडीत जातात, उरलेलं दाट शिवणीत आक्रसतं. आत जुन्या मऊ साडीचा एक थर पुरे, तो दुमडीच्या आत बसेल इतकाच, म्हणजे 96 बाय 116. कवंदीला कापूस नको. दोन्ही थर जमिनीवर पसरून वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके मारा आणि शिवत जाल तसे ते काढत जा. हे टाळलं की अस्तर खालून सरकतं, आणि ते कळतं तेव्हा अर्धी कवंदी झालेली असते.

पहिलं ठिगळ कोपऱ्यावर. त्याच्या कडेच्या दोन बाजू सेंटीमीटरभर आत दुमडून अस्तराच्या दुमडीला अगदी भिडवायच्या, दोन दुमडी समोरासमोर. त्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत धावदोऱ्याची पहिली ओळ. पुढचं ठिगळ आधीच्या उघड्या कडेवर दीड सेंटीमीटर चढवायचं, आणि चढणारी बाजू दुमडलेली हवी. सेंटीमीटरपेक्षा कमी चढवलंत तर दोन धुण्यांत आतली कड बाहेर डोकावते. ठिगळं जोडणं आणि थर टाचणं हे एकाच धावदोऱ्यात होतं. आधी वरचा पदर जोडून मग टाचायचा, हा प्रकार कवंदीत नाही.

कोपऱ्यातली ‘फुलं’ विसरू नका. सात सेंटीमीटरचा चौकोन तिरका दुमडा, पुन्हा तिरका दुमडा. त्रिकोण होतो आणि लांब बाजूला उघड्या कडा राहतात. ती बाजू अस्तर आणि ठिगळ यांच्या मध्ये सारायची, टोक बाहेर. वेगवेगळ्या रंगांचे दोन-तीन त्रिकोण एकावर एक लावले तर छान दिसतं. सिद्दी बायकांच्या लेखी फुलांशिवाय कवंदी उघडीनागडीच. ती कोपऱ्याचं ठिगळ शिवण्याआधी सारावी लागतात. मागाहून आठवली तर कोपरा उसवायचा, दुसरा इलाज नाही.

दोऱ्याचा हिशेब: 90 बाय 110 म्हणजे 9,900 चौरस सेंटीमीटर. ओळी सेंटीमीटरच्या अंतरावर, म्हणजे जवळजवळ 99 मीटर शिवण. टाक्यांचा चढउतार, गाठी आणि वाया जाणारी टोकं धरून 130 मीटर धरा. पर्ल कॉटन या भरतकामाच्या दोऱ्याचे 8 नंबरचे 10 ग्रॅमचे दोन गुंडे लागतील. ठिगळं सरासरी 12 सेंटीमीटर दिसणारी असतील तर सत्तरच्या आसपास.

---

कच्चा_टाका

हाउसटॉपचं गणित मी देते.

मधला चौकोन 15 सेंटीमीटर, पट्टी तयार रुंदीला 8. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण सेंटीमीटर दाब (शिवणीत जाणारं कापड) धरून कापायची 9.5. एक फेरा म्हणजे चार पट्ट्या, प्रत्येकीचं टोक शेजारणीच्या लांब कडेला भिडतं. पहिल्या फेऱ्याच्या लांब्या 15, 23, 23, 31. दुसरा फेरा 31 पासून सुरू. एका फेऱ्यात चौरस 16 सेंटीमीटरनी वाढतो, म्हणून दहा फेऱ्यांत 15 चे 175 होतात. शेवटचा फेरा 159, 167, 167, 175. प्रत्येक लांबीत दाबाचे दीड सेंटीमीटर मिळवा.

सगळ्या पट्ट्या सलग धरल्या तर 38 मीटर. 110 सेंटीमीटर पन्ह्याच्या कापडातून आडव्या कापल्या तर 35 होतात, जोड आणि दाब धरून 40 काढा. म्हणजे एकूण चार मीटर कापड, सगळे रंग मिळून. अस्तराला सहावारी साडीचे 185 चे दोन तुकडे मध्ये जोडून, म्हणजे साडेपाच मीटरमधले पावणेचार गेले. उरलेल्यातून कडेची पट्टी निघते.

बिघडतं कुठे? पट्टी मोजून न कापता लांबच घेतली, मशीनवर लावली आणि उरलेलं टोक छाटलं, की मशीनचे दाते खालचं कापड पुढे ढकलतात आणि वरची पट्टी मागे रेंगाळते. प्रत्येक फेऱ्याला अर्धा सेंटीमीटर जास्त बसत गेला तर पाचव्या फेऱ्यापासून कड झालरीसारखी लाटा मारते. म्हणून चौरसाची लांबी मध्यातून मोजा (कडेवर नको, ती आधीच ताणलेली असते), तेवढीच पट्टी कापा, दोन्ही टोकं आणि मध्य टाचण्यांनी पक्के करा, मग शिवा. दाब दर फेऱ्याला बाहेरच्या दिशेने इस्त्री करा.

जीन्सच्या शेजारी जुनी साडी लावायची तर साडीच्या पट्टीमागे मलमलीचं अस्तर हवंच. नाहीतर जीन्सच्या वजनाने साडी शिवणीलगत फाटते, शिवण जागच्या जागी राहते आणि कापड सुटतं. सुई जीन्सला 16 नंबर, नुसत्या साडीला 11 किंवा 12. साडी वापरायच्या आधी उजेडासमोर धरा. सूत विरळ दिसलं की दोन अंगठ्यांनी हळू ताणून पाहा. कुरकुर आवाज आला तर ती साडी आतल्या थरात घाला, वर नको.

कॉर्डरॉयला लव असते. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला ठेवली नाही तर एकाच रंगाच्या दोन पट्ट्या दोन छटांच्या दिसतात. ते मुद्दाम करायचं असेल तर वेगळी गोष्ट. इस्त्री उलट्या बाजूने, खाली टॉवेल घालून.

---

तिरपी_टीप

कच्चा_टाका यांचं गणित चोख आहे, पण सगळ्या पट्ट्या 8 सेंटीमीटरच्या केल्यात तर समोर येईल ती वहीतली आकृती. गीज बेंडच्या गोधड्यांत पट्टी एका टोकाला सात तर दुसऱ्या टोकाला नऊ असू शकते, समोरासमोरच्या पट्ट्या वेगळ्या रुंदीच्या असतात, मधला चौकोन हळूहळू एका बाजूला सरकतो. मोठमोठ्या संग्रहालयांत लोक त्यांच्यासमोर उभे राहतात ते त्या सरकण्यासाठी.

हे जमवायला मोजमाप सोडायची गरज नाही. लांबी मोजूनच घ्या, सैल सोडा ती रुंदी. तीन मापांच्या पट्ट्या काढा, तयार 5, 8 आणि 11. प्रत्येक फेऱ्यात दोन 8 च्या, एक 5, एक 11. त्यातही 5 आणि 11 समोरासमोर ठेवा. बेरीज 16 च राहते, म्हणून दोन्ही अंगांनी चौरस चौरसच राहतो, पण मध्य दर फेऱ्याला तीन सेंटीमीटर सरकतो. दहाही फेरे एकाच बाजूला सरकवले तर चौकोन तीस सेंटीमीटर बाजूला जाईल. तीन-चार फेऱ्यांनी दिशा बदला.

साडीच्या पट्ट्या कापण्यापेक्षा फाडा. कडेला नख भरेल एवढी चीर द्या आणि एका दमात फाडा. सुताच्या रेषेत सरळ फाटते. दोन-तीन मिलिमीटर झुपके सुटतात ते दाबात जातात. जीन्स आणि कॉर्डरॉय मात्र कात्रीनेच.

आणि जीन्सचा मागचा खिसा उसवून टाकाल तो भाग फेकू नका. खिशाखालचं कापड गर्द निळं राहिलेलं असतं, भोवतालचं विटलेलं, आणि मधोमध टिपेच्या भोकांची रांग. गुडघ्याचा पांढुरका भागही तसाच. गीज बेंडच्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्यांत हे ठसे दडवलेले नसतात, तेच रंग म्हणून वापरलेले असतात. 1942 मध्ये मिसूरी पेटवे या बाईने नवरा वारल्यावर त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची गोधडी शिवली, पांघरायला. प्रदर्शनात एकच छायाचित्र लावायचं असेल तर मी ते लावेन.

---

पानाआड

पाट्यांबद्दल. मुद्दे विखुरलेले आहेत, हवे ते उचला.

गीज बेंड म्हणजे विलकॉक्स काउंटीत अलाबामा नदीने तीन बाजूंनी वेढलेला भाग, गावाचं अधिकृत नाव बॉयकिन. 1816 मध्ये जोसेफ गी हा मळेवाला गुलाम घेऊन तिथे आला, म्हणून ते नाव. 1845 मध्ये जमीन आणि माणसं मार्क पेटवेकडे गेली. आज गोधड्यांच्या यादीत इतक्या ‘पेटवे’ दिसतात, त्या सगळ्या एका कुटुंबातल्या नव्हेत. मालकाचं आडनाव त्याच्या गुलामांना लागलं आणि पुढे पिढ्यांना चिकटलं. हे पाटीवर एका ओळीत लिहाच, नाहीतर वाचणारा ‘पेटवे घराणं’ समजून पुढे जातो.

1960 च्या दशकात तिथले लोक मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडच्या कॅमडेनला जाऊ लागले, आणि 1962 मध्ये नदी ओलांडायची फेरीबोट बंद झाली. समोर दिसणाऱ्या गावासाठी रस्त्याने तासाभराचा वळसा. ती बोट पुन्हा सुरू झाली 2006 मध्ये. 1966 मध्ये बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. तिला 1972 मध्ये सिअर्स या दुकानांच्या कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. त्यातली उरलेली कॉर्डरॉय घरोघरी गोधड्यांत गेली, म्हणून त्या काळातल्या गोधड्यांत शेवाळी हिरवा, हळदी आणि विटकरी इतका दिसतो. तुमच्याकडचं दीड मीटर कॉर्डरॉय या कारणाने वापरा आणि पाटीवर तसं सांगा. गंमत अशी की दुकानांना एकसारखा माल हवा होता, आणि 2002 मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयाने ज्या गोधड्या भिंतीवर टांगल्या त्या घरच्यासाठी शिवलेल्या, एकसारखेपणाशी काहीच देणंघेणं नसलेल्या. 2006 मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांतल्या दहा तिकिटांवर छापल्या.

हॅरिएट पॉवर्स यांच्याशिवाय हे प्रदर्शन अपुरं राहील. जन्म 1837, जॉर्जियात, गुलामीत. त्यांच्या दोन गोधड्या शिल्लक आहेत. पहिली 1886 च्या सुमाराची, ती आज स्मिथसोनियनमध्ये, दुसरी बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात. पहिली जॉर्जियातल्याच अथेन्स गावच्या कापूस मेळाव्यात मांडली होती. तिथे ती पाहून विकत मागणाऱ्या चित्रकला शिक्षिकेला त्यांनी नकार दिला, आणि पुढे पैशांची तंगी आली तेव्हा पाच डॉलरला दिली. तंत्र वरून कापड लावून शिवण्याचं. बायबलमधले प्रसंग आहेतच, पण बॉस्टनच्या गोधडीत 13 नोव्हेंबर 1833 चा उल्कावर्षावही आहे. त्यांच्या जन्माआधीचा. ऐकीव आठवण कापडावर उतरवलेली.

नंतरच्या पिढीतून अमेरिकी चित्रकार फेथ रिंगगोल्ड घ्या. 1972 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात तिबेटी थांग्का, म्हणजे कापडी चौकटीतली धार्मिक चित्रं, पाहून त्यांनी चित्रांना कापडाची चौकट द्यायला सुरुवात केली आणि 1980 मध्ये आईच्या, म्हणजे शिवणकाम हाच व्यवसाय असलेल्या विली पोझी यांच्या, सोबत पहिली गोधडी केली.

टाळायचं काय: गोधड्यांच्या नक्ष्यांत पळणाऱ्या गुलामांसाठी सांकेतिक खुणा असत, दोरीवर अमुक नक्षी वाळत घातली की ‘निघा’ असा इशारा, ही कथा. 1999 च्या एका पुस्तकाने ती जगभर पसरली. त्या काळातली एकही गोधडी किंवा गुलामीतून सुटलेल्यांचं एकही निवेदन तिला आधार देत नाही, आणि इतिहासकार ती मानत नाहीत. गोष्ट गोड आहे, शाळांना आवडते, तरी पाटीवर नको.

सिद्दींबाबत एक गोंधळ नेहमी होतो. मुरूडच्या जंजिऱ्याचे सिद्दी हे राज्यकर्ते, त्यांचं संस्थान 1948 पर्यंत होतं. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातले सिद्दी बहुतेक पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकन गुलामांचे वंशज, सुटून घाटातल्या जंगलात वसलेले. त्यांच्यात ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू तिन्ही आहेत, घरात बऱ्याच जणांची कोकणी चालते. 2003 मध्ये कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. कवंदीवर कुठे क्रूस दिसतो, कुठे चंद्रकोर.

---

उभाआडवा

अंगुस्तान, फुगा गेला. तुकडा उसवून ओळी मोकळ्या सोडल्या आणि सपाट बसला. दोन शंका. खण धुतला तर लाल रंग सुटतो, मिठाच्या पाण्यात भिजवला तर चालेल का? आणि ‘आफ्रिकेतून आलेली एकच परंपरा, एक फांदी अलाबामात, एक कर्नाटकात’ असं मुख्य पाटीवर लिहावं असा आग्रह आहे. लिहावं का?

---

अंगुस्तान

रंगलेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही, ती नुसती समजूत आहे. खणाचा तुकडा ओला करा, पांढऱ्या मलमलीवर ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा. डाग पडला की कोमट पाण्यात धुवा, पुन्हा तीच परीक्षा. चार धुण्यांनंतरही डाग पडत असेल तर खण वापरू नका, किंवा फक्त गर्द रंगांच्या शेजारी वापरा आणि गोधडी धुऊ नका. बाकीची सगळी कापडं शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या. कॉर्डरॉय आटतं, जुनी साडी आता आटायची राहिलेली नसते. हे दोन शेजारी न धुता शिवले तर पहिल्याच धुण्यात पट्टीला सुरकुत्या.

हाउसटॉपमध्ये कापसाचं विचारलं होतंत ते राहिलं. जीन्स असेल तर कापूस नको, दोन साड्यांचे थर पुरेत. भरणारच असाल तर पिंजलेला कापूस पातळ पसरा आणि टाचणीच्या ओळी चार सेंटीमीटरच्या आत ठेवा. जास्त अंतर ठेवलं तर धुतल्यावर गोळे होतात.

---

पानाआड

तसं लिहू नका. दोन्हीकडे ठळक रंग, पट्ट्या, ठिगळं, वापरून जुनं झालेलं कापड हे साम्य आहे, अभ्यासकांनी त्याची चर्चाही केली आहे. पण कवंदीचं तंत्र, जुनी साडी खाली, वर ठिगळं, कडेकडून आत जाणारा धावदोरा, हे आपल्या वाकळीच्या आणि कानडी कौदीच्या फार जवळचं आहे. सिद्दी बायकांनी इथल्या शेजारणींसोबत राहून ते घेतलं आणि रंगांची मांडणी, फुलं, प्रमाण आपलं ठेवलं असंही म्हणता येतं. अलाबामातली पट्ट्यांची जोडणी वेगळ्या वाटेने आली. दोन्ही नमुने शेजारी ठेवा, खाली दोन्ही तंत्रं लिहा आणि दिशा बाणाने दाखवा, एक आतून बाहेर, एक बाहेरून आत. एवढं पुरतं.

तुमच्या नमुन्यांवर ‘गीज बेंडची गोधडी’, ‘सिद्दी कवंदी’ असं लिहू नका. ‘त्या पद्धतीवरून वाचनालयाच्या सभासदांनी शिवलेली’ असं लिहा. छायाचित्रांखाली शिवणारीचं नाव, साल, गाव. संग्रहालयांच्या संकेतस्थळावरून छायाचित्र उतरवण्याआधी वापराच्या अटी वाचा, बऱ्याच गोधड्यांच्या प्रतिमांचे हक्क राखलेले आहेत. खर्चात बसत असेल तर एक खरी कवंदी सिद्दी बायकांकडून विकत घ्या आणि तुमच्या नमुन्याशेजारी मांडा. टाक्यांतला फरक लोकांना लगेच कळेल.

---

तिरपी_टीप

टांगण्याचं कोणी विचारलं नाही, पण तिथेच गोधड्यांची वाट लागते. हाउसटॉपला वरच्या कडेमागे 10 सेंटीमीटर रुंदीची कापडी नळी हाताने शिवा, टाके फक्त अस्तरात, पुढे दिसता कामा नयेत. नळी गोधडीपेक्षा दोन्हीकडून तीन सेंटीमीटर आखूड ठेवा आणि त्यातून लाकडी दांडी घाला. चिमटे आणि खिळे नकोत. जीन्सची गोधडी दोन किलोच्या घरात जाते, वजन दोन बिंदूंवर आलं की महिनाभरात तिथे झोळ पडतो. खिडकीसमोरची भिंत टाळा.

कवंदी टांगूच नका. टेबलावर पसरा आणि एक कोपरा उलटून ठेवा. मागच्या साडीवर नुसत्या धावदोऱ्याच्या चौकोनी फेऱ्या दिसतात, ठिगळ एकही नाही, आणि शिवण कुठून सुरू झाली ते बोटाने शोधता येतं.